तिसाव्या किलोमीटरला बाजूला होणारा माणूस

वाळपईच्या एका मुलाने विचारलंय. वय २४. पाच हजार मीटरला १५ मिनिटं २० सेकंद, हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) सत्तर मिनिटांच्या आसपास. गोव्यात पहिल्या तिघांत येतो, राष्ट्रीय स्पर्धेत मात्र मागेच राहतो. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं की परदेशात पेसमेकरला, म्हणजे दुसऱ्याला ठरलेला वेग धरता यावा म्हणून पुढे राहणाऱ्याला, नुसतं पुढे पळण्याचे पैसे मिळतात, जिंकावं लागत नाही. तर यात पोट भरतं का, किती वर्षं चालतं आणि शेवट कसा होतो, असं तो विचारतो. खाली एक ओळ जोडलीय: "बाबा म्हणतात, हरायलाच पळायचं असेल तर कुळागरात पाणी सोडायला ये, ते बरं." (कुळागर म्हणजे आमच्याकडची सुपारी-नारळाची बाग.)

मी फोंड्याचा. वीसेक वर्षं मुलांना पळायला शिकवतोय, आणि त्यातली बारा वर्षं गोव्यात, पुण्यात, मुंबईत हाफ मॅरेथॉनमध्ये पाठीला वेळेचा झेंडा बांधून पळलो. गेल्या डिसेंबरात तो झेंडा उतरवला. परदेशी पेसमेकरांचा वेग माझ्यात कधीच नव्हता, पण काम त्याच जातीचं, म्हणून लिहितोय. माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, तेव्हा 'तू' म्हणतो, राग मानू नको.

आधी शब्दाचा घोळ. पहिल्यांदा मी घरी सांगितलं की मला पेसमेकर म्हणून बोलावलंय, तेव्हा मावशीने काळजीने विचारलं, "कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं?" आपल्याकडच्या रस्त्यावरच्या शर्यतींत झेंडा घेऊन पळणाऱ्याला 'पेसर' म्हणतात आणि त्याच्या मागच्या घोळक्याला 'बस'. दोन तासांची बस, सव्वादोनची बस. हा पेसर शेवटपर्यंत जातो. परदेशातला व्यावसायिक पेसमेकर मात्र ठरलेल्या अंतरावर थांबतो. त्याला तिकडे 'रॅबिट', म्हणजे ससा म्हणतात. आपल्या गोष्टीतला ससा झोपतो म्हणून हरतो. हा ससा करारानेच थांबतो.

आता बाबांचं वाक्य. त्यांना १९५४ची गोष्ट सांग. ६ मे, ऑक्सफर्डचं इफ्ली रोड मैदान. रॉजर बॅनिस्टरने एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावून चार मिनिटांची भिंत पाडली. पुढे कोण होतं? पहिले दोन फेरे आणि थोडं वर ख्रिस ब्रॅशर, मग ख्रिस चॅटवे, आणि शेवटच्या दोनेकशे मीटरला बॅनिस्टर एकटा. पहिल्या फेरीत बॅनिस्टर मागून ओरडला, अजून जोरात! ब्रॅशरने ऐकलं नाही. तो आपल्या चालीने गेला, आणि तो फेरा निघाला साडेसत्तावन्न सेकंदांचा, म्हणजे हवा होता त्यापेक्षाही जोरात. ताज्या पायांना सगळंच हळू वाटतं. मागचा ओरडतो तेव्हा त्याचं न ऐकणं हाच तर या कामाचा गाभा. त्या दिवशी ब्रॅशरने ऐकलं असतं तर तिसऱ्या फेऱ्यात तिघेही बसले असते, असं माझं ठाम मत आहे.

आणि हे दोघे हरणारे होते का? चॅटवेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ५००० मीटरचा विश्वविक्रम केला, १३:५१.६. ब्रॅशरने १९५६ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, सुवर्णपदक घेतलं, आणि १९८१ला सुरू झालेल्या लंडन मॅरेथॉनच्या संस्थापकांत तो आहे. त्याआधीची गोष्ट तर अजून गमतीची. १९५३च्या जूनमध्ये मॉट्सपर पार्कला बॅनिस्टर ४:०२ धावला होता. तेव्हा ब्रॅशर मुद्दाम मागे रेंगाळत राहिला, बॅनिस्टरने त्याला एक फेरा मागे टाकला की हा ताज्या दमाने त्याच्यापुढे पळणार, असा बेत. ब्रिटिश संघटनेने ती वेळ मान्य केली नाही. नियम आजही त्याच वळणाचा आहे. पेसमेकर शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर उभा असला पाहिजे. मधूनच घुसलेला चालत नाही, फेरा खाल्लेलाही चालत नाही. म्हणूनच १२ ऑक्टोबर २०१९ला व्हिएन्नात केनियाचा एलियुड किपचोगे १:५९:४०ला मॅरेथॉन अंतर धावला तरी तो विक्रम धरला गेला नाही. तिथे ४१ पेसमेकर आळीपाळीने आत-बाहेर होत होते, पुढची गाडी रस्त्यावर लेझरच्या रेघा मारत होती. पाच जण पुढे उलट्या बाणासारखे, दोन मागे. धावपटूच्या अंगाला वाराच लागू नये अशी ती रचना होती.

वाऱ्याचं हे खरंच असतं का, असं मुलं विचारतात. ग्रिफिथ प्यू नावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते, १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर गेलेले तेच. त्यांनी १९७१ला प्रयोग मांडला. मध्यम पल्ल्याच्या वेगाला दुसऱ्याच्या मागे एक मीटरवर पळलं तर प्राणवायूचा खर्च साधारण साडेसहा टक्क्यांनी उतरतो. विक्रम एकेका सेकंदाने मोडतात, तिथे साडेसहा टक्के म्हणजे लॉटरीच. पण हे त्या वेगाचं गणित. माझ्या सव्वादोनच्या बसला वाऱ्यापासून आडोसा असा मिळतच नाही. मांडवीच्या पुलावर समोरून झोंबतो तेव्हा चार जण माझ्या पाठीला चिकटतात, तेवढाच. त्यांना माझ्याकडून हवी असते ती लय.

लय म्हटलं की आपल्याकडे समजवायला सोपं जातं. तबल्याचं एकल वादन ऐकलंस का कधी? बाजूला एक जण पेटीवर लेहरा धरून बसतो. तीच ओळ, तेच आवर्तन, अर्धा तास. तबलजी गत, तुकडे, चक्रदार काय वाटेल ते खेळतो आणि समेवर येतो, कारण सम कुठे आहे ते लेहरेवाला सांगत असतो. त्याने उत्साहात येऊन लय चढवली की वादन कोसळलं. टाळ्या त्याला नसतात. पेसमेकर म्हणजे लेहरेवाला. तबलजी खाप्रुमामा पर्वतकरांच्या गोव्यात हे आणखी काय सांगायचं? हाताने एक ताल, पायाने दुसरा, आणि तोंडाने तिसऱ्याच लयीतले बोल, असं त्यांचं ऐकत आलोय. आम्हाला एकच धरायची असते, तीही जमत नाही.

व्यावसायिक माणसाला ती किती बारीक धरावी लागते बघ. २ तास ५ मिनिटांच्या मॅरेथॉनसाठी किलोमीटरला २:५७-२:५८, पाच किलोमीटरला १४:४९. आयोजक सांगतात, तिसाव्या किलोमीटरला १:२८:५० ते १:२९ पाहिजे. त्यात पाणी उचलायचं टेबल आलं, वळण आलं, चढ आला. २:५० आणि ३:०५ करत सरासरी बरोबर आणणारा कुणालाच नको असतो. मागच्या माणसाचे पाय त्या झटक्यांनीच संपतात. ट्रॅकवरचं काम आखूड असतं. ८०० मीटरला चारशे ते सहाशेपर्यंत ओढायचं, १५००ला आठशे-हजारपर्यंत, ५०००ला दोघे मिळून तीन हजारापर्यंत. मॅरेथॉनमध्ये पंचवीस ते तीस किलोमीटर. तिथे बाजूला व्हायचं, आणि तेही मागच्याच्या पायात न येता. रस्त्याच्या कडेला सरकून, हात न हलवता, वेग लगेच न टाकता. हे शिकवावं लागतं. नवा पेसमेकर सुटल्याच्या आनंदात गपकन थांबतो आणि मागचा त्याच्यावर आदळतो.

आता मुख्य गोष्ट, जी तुला सांगणाऱ्याने सांगितली नाही. पेसमेकर म्हणजे 'थोडा कमी पडणारा धावपटू' नव्हे. ज्या वेगाने दुसऱ्याला न्यायचं तो वेग तुला सोपा पाहिजे. २:०५च्या चालीने तीस किलोमीटर नेणाऱ्याची स्वतःची हाफ मॅरेथॉन साधारण एकसष्ट मिनिटांच्या आत असावी लागते, कारण ६२:३०ला अर्धं अंतर ओलांडताना त्याच्या डोक्यात वेळ, वारा, वळण, मागच्यांचे श्वास एवढं सगळं चालू असतं. जो स्वतःच जिवावर पळतोय त्याला हे ऐकू येत नाही. आम्ही याला 'शिल्लक' म्हणतो. माझ्या शिष्यांना मी ठोकताळा देतो: हाफ मॅरेथॉनचा झेंडा घ्यायचा तर तुझी स्वतःची चांगली वेळ झेंड्यावरच्या वेळेपेक्षा पंधरा-वीस मिनिटांनी कमी हवी.

तुझ्या सत्तर मिनिटांना पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत जागा नाही. कटू आहे, पण वाईट वाटून घेऊ नको. आपल्या देशाचाच पुरुषांचा मॅरेथॉन विक्रम, शिवनाथ सिंग यांचा १९७८चा २:१२:००, चार दशकांहून जास्त टिकला. त्या चालीने पुढे राहणारा आपल्याकडे सहज सापडेल असं नाही.

महिलांच्या शर्यतीत मात्र तुझ्या वेळेला किंमत आहे. स्त्री-पुरुष एकत्र सुटतात त्या रस्त्यावरच्या शर्यतींत पुरुष पेसमेकर बायकांना नेऊ शकतात. पॉला रॅडक्लिफ २००३ला लंडनमध्ये २:१५:२५ धावली ती पुरुषांच्या सोबतीने. पुढे त्यावर वाद झाला, आणि आता एकत्र शर्यतीतला आणि फक्त महिलांच्या शर्यतीतला असे दोन वेगळे विक्रम धरतात. सुधा सिंग २०१९ला मुंबईत २:३४:५६ धावली. ती चाल किलोमीटरला ३:४०ची. तुझी हाफची चाल ३:१९. म्हणजे एकवीस सेकंदांची शिल्लक. तीस किलोमीटरचा दम तेवढा बांधलास तर २:३५ ते २:४५च्या बाईला तू नीट नेऊ शकशील. असं काम जाहिरात देऊन मिळत नाही. खेळाडूचा प्रशिक्षक ओळखीतून सराव-सोबती शोधतो, सहा महिने तिच्याबरोबर ट्रॅकवर पळवतो, आणि विश्वास बसला तर शर्यतीला नेतो. दार तेच आहे.

आणि पुढे पळणारा जिंकला तर? हा प्रश्न तूही पुढे विचारशीलच, म्हणून सांगून टाकतो. तो शर्यतीत नोंदलेला असतो, त्यामुळे जिंकू शकतो. १९८१ला ओस्लोत टॉम बायर्स १५०० मीटरला पेसमेकर होता. स्टीव्ह ओव्हेटसकट सगळ्यांनी त्याला जाऊ दिलं, येईल की परत म्हणून. तो आलाच नाही. ३:३९.०१ला जिंकला, ओव्हेट अर्ध्या सेकंदाने मागे. १९९४ला लॉस एंजेलिस मॅरेथॉनमध्ये पॉल पिल्किंग्टनला पुढे ओढायला आणलं होतं, तो थांबलाच नाही आणि २:१२:१३ला पहिला आला. दुसऱ्या क्रमांकावर आलेल्याला वाटत होतं की आपणच जिंकलो. बर्लिनला २००० साली सायमन बिवॉट तसाच जिंकला. २००३ला तिथेच पॉल टेरगटने २:०४:५५चा विश्वविक्रम केला, आणि त्याला ओढणारा सॅमी कोरीर एका सेकंदाने मागे, २:०४:५६! एवढं जवळून हरायला काय लागत असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. माझ्या मते तो त्या दिवशी त्याच्या आयुष्यातलं सर्वात चांगलं काम करत होता आणि शेवटच्या किलोमीटरला त्याला ते अर्धवट टाकावंसं वाटलं, एवढंच. पण या चार गोष्टींवर करिअर उभारू नको. असे सापडले म्हणूनच ते लक्षात राहिले.

पैशांबद्दल. मोठ्या शर्यतींत पेसमेकरला ठरलेली रक्कम मिळते, एजंटमार्फत. वेळा बरोबर आणल्या तर किंवा मागून विक्रम झाला तर वर काही मिळतं. आकडे करारात असतात, बाहेर येत नाहीत, म्हणून मी सांगत नाही. आपल्याकडच्या झेंडेवाल्या पेसरला फी नसते. फुकट प्रवेश, टी-शर्ट, कधी बूट, कधी राहायची सोय. मी बारा वर्षांत पेसिंगवर कमावलं त्यापेक्षा बुटांवर जास्त घालवलं. पुण्याला जायचा बसचा खर्च वेगळाच.

त्यापेक्षा एक बारीक गोष्ट लक्षात घे, कारण तिने तुझं खरं नुकसान होऊ शकतं. थांबलेल्या पेसमेकरच्या नावापुढे निकालात 'पूर्ण केली नाही' असं लागतं. वेळ नाही, क्रमांक नाही, प्रमाणपत्र नाही. तुझ्या वयाच्या मुलाच्या डोक्यात क्रीडा कोट्यातली नोकरी असते, पोलिसात, रेल्वेत, सैन्यात. तिथे पदक आणि प्रमाणपत्र विचारतात. 'अमक्या बाईला तीस किलोमीटर अचूक नेलं' हा रकाना कुठल्याच अर्जात नाही. तेव्हा कोट्याची वयोमर्यादा संपायच्या आत स्वतःच्या शर्यती पळ, प्रमाणपत्रं गोळा कर. वर्षाला एक-दोन वेळा सोबती म्हणून जा, जास्त नाही. बाबांना हे सांगितलंस तर तेही शांत होतील.

माझी एक चूक सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वीची, गोव्यातलीच एक हाफ मॅरेथॉन. माझ्याकडे दोन तासांची बस होती. किलोमीटरला ५:४१ची चाल, पण कुणीच वळणांची कड धरून पळत नाही, त्यामुळे घड्याळ शेवटी एकवीस पूर्णांक तीन-साडेतीन दाखवतं. म्हणून आम्ही ५:३७-५:३८ने नेतो. तसं मी शिकवतोही. त्या दिवशी अंधारात सुटलो, पहिले तीन किलोमीटर दाट झाडीखाली, घड्याळाला उपग्रह नीट सापडत नव्हता. आकडा ५:४० दाखवत होता, म्हणून निवांत होतो. पाचव्या किलोमीटरच्या फलकाशी हाताने वेळ बघितली तर २७ मिनिटं. म्हणजे सरासरी ५:२४. मागे तीसेक माणसं, हसत-बोलत, आज किती हलकं वाटतंय म्हणत. मला तिथेच पोटात गोळा आला. चाल सोडली, पण गेलेलं परत येत नाही. ऊन चढलं, बाराव्या किलोमीटरनंतर एकेक जण गळायला लागला. सोळाव्याला चढ होता, तिथे बस फुटली. मी १:५९:४१ला पोचलो. बरोबर दोघे. आयोजकांनी पाठ थोपटली, वेळ अगदी बरोबर म्हणाले. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून उरलेल्यांची वाट बघत होतो. दोन-सात, दोन-बारा, दोन-वीस. एका काकांनी पहिल्यांदाच दोन तासांखाली यायचं म्हणून चार महिने पहाटे उठून सराव केला होता. ते मला बघून हसले, "पुढच्या वर्षी" म्हणाले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर मी पहिले पाच किलोमीटर जीपीएसवर कधी विश्वास ठेवला नाही, फलक आणि साधं मनगटी घड्याळ. शर्यतीचा मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावून, कडेपासून तीस सेंटिमीटरवरून मोजतात, आणि वर हजारात एक एवढी भर घालतात, कमी पडू नये म्हणून. फलक नीट लावले असतील तर ते मनगटावरच्या आकड्यापेक्षा खरे.

आता किती वर्षं आणि शेवट कसा, यावर येतो. व्यावसायिकांत दोन प्रकार दिसतात. एक, तरुण पोरगा, ज्याला अजून स्वतःचं नाव करायचंय आणि जो मोठ्या शर्यतीचा अनुभव म्हणून ओढतो. दुसरा, ज्याची स्वतःची चांगली वर्षं मागे पडली, पण अर्ध्या शर्यतीपुरता वेग शिल्लक आहे. नेदरलँड्सचा ब्रॅम सॉम २००६चा ८०० मीटरचा युरोपियन विजेता, नंतर मोठ्या शर्यतींचा भरवशाचा पेसमेकर झाला. अमेरिकेच्या एरिक सोविन्स्कीने २०१६ला पोर्टलंडच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत ८००ला कांस्य घेतलं आणि पुढे मैलाच्या शर्यतींत लोक त्याला ओढण्यासाठी ओळखू लागले. आठशे-हजार मीटरच ओढायचं असल्यामुळे शरीर लवकर सावरतं, मोसमात बऱ्याच शर्यती करता येतात, तिशीनंतरही चालतं. मॅरेथॉनच्या पेसमेकरला ती सोय नाही. तीस किलोमीटर त्या वेगाने म्हणजे पाय महिनाभर जड.

यात एक बोच आहे. ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धेत पेसमेकर नसतो. डेव्हिड रुडिशाने २०१०च्या ऑगस्टमध्ये आठवड्याभरात दोनदा ८००चा विश्वविक्रम मोडला, तेव्हा पुढे सॅमी टांगुई होता. २०१२ला लंडन ऑलिंपिकमध्ये रुडिशा एकटा पुढे पळाला, पहिला फेरा ४९.२८, एकूण १:४०.९१. टांगुईचा त्यात वाटा नाही असं कोण म्हणेल? पण त्या मैदानात त्याला जागा नव्हती.

दुसरी बोच नवी आहे. ट्रॅकच्या आतल्या कडेला आता दिवे लावतात, ठरलेल्या वेगाने पुढे सरकणारे. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅलेन्सियात जोशुआ चेप्टेगई १०,००० मीटर २६:११.००ला धावला, उत्तरार्धात पुढे माणूस नव्हता, दिवेच. लय मशीनने घेतली. वाऱ्याचा आडोसा मात्र दिवा देत नाही, म्हणून माणूस अजून लागतो. २६ जून २०२५ला पॅरिसमध्ये फेथ किप्येगॉनने मैल चार मिनिटांखाली आणायचा प्रयत्न केला तेव्हा भोवती १३ पेसमेकर होते. वेळ झाली ४:०६च्या थोडी वर. व्हिएन्नासारखीच तीही विक्रमात न धरली जाणारी दौड. अशा मोठ्या तमाशांमुळे पेसमेकर टीव्हीवर दिसायला लागले हे खरं, पण तिथे बोलावतात ते ऑलिंपिकवालेच. व्हिएन्नाच्या एक्केचाळिसांत बर्नार्ड लगात होता, ऑलिंपिक पदकवाला.

निवृत्तीची खूण सांगतो. लोकांना वाटतं, तो वेग झेपेनासा झाला की पेसमेकर थांबतो. तसं नाही. वेग झेपत असतो, शिल्लक संपलेली असते. बाहेरून कुणाला कळत नाही, निकालातही दिसत नाही. पुरुषांच्या शर्यतीतून महिलांच्या शर्यतीत जाणं ही त्याची पहिली पायरी. आम्हा झेंडेवाल्यांनाही पायऱ्या असतात. बेचाळिसाव्या वर्षी मी पावणेदोनचा झेंडा धरायचो, पुढे दोनचा, मग सव्वादोनचा. दरवेळी मनाला सांगितलं की नवे पळणारे सव्वादोनमध्येच जास्त असतात, त्यांना अनुभवी माणूस हवा. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

गेल्या डिसेंबरात सव्वादोनचीच बस होती, ६:२४ची चाल. दमट पहाट, झाडाचं पानही हलत नव्हतं. मागे वीसेक जण. पेसरचं अर्धं काम तोंडाचं असतं. पाणी कुठे, चढ किती, खांदे सैल सोडा, सवकास, सवकास, सगळं सतत सांगायचं. चौदाव्या किलोमीटरला उड्डाणपुलाचा चढ लागला. मी म्हणालो, "पुढे पाणी, उजव्या—" आणि उरलेला शब्द निघालाच नाही. श्वासच नव्हता. दोन पावलं गेली. मागून म्हापशाची एक मुलगी, बँकेत असते, तिने वाक्य पुरं केलं, "उजव्या बाजूला, सगळ्यांनी रांगेत!" उतारावर ती शेजारी आली आणि हळूच म्हणाली, "सर, आयज तुमी उलयनात." म्हणजे आज तुम्ही बोलत नाही. मी हात हलवला. पुढचे सात किलोमीटर मी चाल धरली, पण बोलली ती. २:१४:३६ला आलो, वीसपैकी सतरा जण बरोबर. आकड्यांनी बघितलं तर माझ्या चांगल्या शर्यतींपैकी एक. झेंडा पाठीवरून काढताना कापडी पट्ट्याची गाठ सुटेना, तिनेच सोडवली. मी म्हटलं, आता तुझ्याकडेच राहू दे. पुढच्या शर्यतीला आयोजकांना तिचं नाव कळवलं.

त्यानंतर दोन महिने मी पळालोच नाही. नंतर एका अंध मुलाच्या सोबतीला लागलो. त्याची चाल मला अजून आरामात झेपते, बोलून उरते. हे कामही तू लक्षात ठेव. अंध आणि अंशतः दिसणाऱ्या धावपटूंचे गाइड हातात दोरी धरून पळतात, आणि नियम असा की रेषा आधी खेळाडूने ओलांडायची, गाइडने मागून. २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये सिमरन शर्माने २०० मीटरला कांस्य घेतलं तेव्हा बाजूला गाइड अभय सिंग होता, आणि गाइडलाही पदक मिळतं. पेसमेकरला जो रकाना नाही तो इथे आहे. गाइडची निवड प्रशिक्षक खेळाडूच्या उंचीवर, पावलाच्या लांबीवर, स्वभावावर करतात. तुझ्या वेगाचा, शांत डोक्याचा मुलगा त्यांना हवाच असतो.

तर तुझ्यासाठी माझं म्हणणं असं. पोट भरण्याचं साधन म्हणून यावर विसंबू नको. दोन वर्षं स्वतःच्या शर्यती, त्यात ५००० मीटर पंधरा मिनिटांखाली आणायची खटपट. बाजूला लय शिक, ती कुठेही वाया जात नाही. कुळागराचं काम सोडू नको. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात कधी वळवायचं हे बाबांना घड्याळ न बघता कळतं ना? तेवढंच मला ट्रॅकवर हवंय. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला बांबोळीच्या ट्रॅकवर ये. दहा फेरे, प्रत्येकी नव्वद सेकंद, म्हणजे किलोमीटरला ३:४५. तुला वेगाचा काहीच त्रास होणार नाही. घड्याळ घालायचं नाही, ते माझ्या हातात असेल. दर फेऱ्याला तू ओरडून सांगायचं, किती सेकंद झाले. पहिल्या दिवशी बहुतेकांचे पहिले दोन फेरे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचे निघतात, आणि ते छातीठोकपणे नव्वद म्हणतात.